दोन दारांची गाडी

६ ऑक्टोबर २०२४

आणली! टोचन लावून आणली, पण आणली.

जळकोटला हिंमतरावांच्या ढाब्यामागं, बाभळीखाली ती कैक वर्षं उभी होती. एसटी चालवायचो तेव्हा चहाला थांबलो की हात धुवायला मागं जायचो, तेव्हा दिसायची. जपानी गाडी. दोनच दारं, नाक जमिनीला टेकल्यागत खाली, छप्पर मागं उतरतं. हैदराबादच्या कुणा हौशी माणसानं इंजिन तापलं म्हणून इथं सोडली आणि पुढं कंटाळून हिंमतरावांच्या नावावर करून दिली. हिंमतरावांनी काय केलं? कोंबड्या पाळल्या तिच्यात!

नळदुर्गला घरासमोर उभी करून दार उघडलं तर मागच्या सीटवर दोन अंडी. हमिदानं अंडी उचलली, गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अजी, ये क्या उठा लाए?"

"गाडी."

"बसणार कोण मागं? मांजर?"

"कुणीच नाही. म्हणून तर घेतली."

तिला पटलं नाही. पण खरं तेच आहे. एसटीत उभी हयात गेली. माझ्या मागं पन्नास-साठ माणसं. कुणाची बाळंतीण लेक, कुणाचं पोतं, कुणाचं भांडण. घंटी वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी झोपेत पाय ब्रेकवर जातो. आता एकदा तरी अशी गाडी चालवायची, जिच्यात मागं कुणी बसूच शकत नाही.

७ ऑक्टोबर

पुण्याहून आरिफचा फोन. "अब्बा, रिटायर झाल्यावर माणसं हजला जातात. तुम्ही भंगार आणलं?" म्हटलं हजही होईल, इन्शाल्ला. आधी ही चालू होऊ दे.

सूनबाई तेवढी माझ्या बाजूची. झरीन जळकोटच्या शाळेत शिकवते, रोज जीपमध्ये कोंबून जाते-येते. म्हणून आरिफ पुण्यात आणि ती आमच्याजवळ. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "अब्बा, मला शाळेत सोडाल ना हिच्यातनं?"

"नव्या वर्षात," म्हटलं. बोलून बसलो!

१३ ऑक्टोबर

रेवणसिद्ध आला. हायवेला त्याचं गॅरेज आहे, ट्रकची कामं जास्त. बॉनेट उघडून आत डोकं घातलं. मग म्हणाला, "वलीचाचा, हिच्यात उंदरांनी तीन पिढ्या काढल्यात."

वायरिंग कुरतडलेलं. ड्रायव्हरच्या सीटखाली सापाची कात — ती बघून हमिदा आठवडाभर गाडीजवळ येणार नाही. डाव्या बाजूची काच नाही. चारी टायर दगड. लाल रंग उन्हानं उडून गुलाबी झालेला.

"सोडून द्या," म्हणेल असं वाटलं. तसं नाही म्हणाला. "जपानी गाडी म्या कधी खोलली न्हाय. खोलू द्या मला." असं म्हणाला. म्हणजे दोघंही सारखेच वेडे.

२० ऑक्टोबर

इंजिन उतरवलं. आनंद! आणि पाठ धरली.

३ नोव्हेंबर

इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलंय. तापल्यावरही तो हैदराबादवाला दामटत आला असणार. सोलापूरला लेथवर घासून सपाट करायला दिलं. येताना रेडिएटरचे पाइप बघितले, मिळाले नाहीत. दुसऱ्याच गाडीचे घेतले. रेवणसिद्ध म्हणतो कापून बसवू.

इकडं मी रोज सकाळी पत्रा घासतोय. गंजाचा लाल भुगा नाकातोंडात जातो. हमिदा म्हणाली, नोकरीत एवढं तोंड माखून कधी आला नव्हतात. पण चहा आणून दिला. गाडीपर्यंत! कात विसरली बहुतेक.

२४ नोव्हेंबर

रेवणसिद्धनं पेट्रोलचा पंप उलटा जोडला. दिवसभर शोधलं. सापडल्यावर तो इतका हसला की मलाही हसू आवरेना.

८ डिसेंबर

हैदराबादला जाऊन आलो. तिकडच्या जुन्या बाजारात फिरून फिरून पाय गेले, पण काच मिळाली! आणि क्लचप्लेट, आणि पुढच्या एका दिव्याची मोटर. या गाडीचे दिवे झाकलेले असतात, बटण दाबलं की बाहेर येतात. आपला उजवा वर येत नव्हता. काच प्रवासभर मांडीवर धरून आणली. शेजारचा म्हणाला, "इतना तो कोई बच्चे को भी नहीं पकड़ता, चाचा."

१५ डिसेंबर

सीटचं कापड कुजलं होतं. हमिदा परवा आपण होऊन म्हणाली, "रेक्झिन आणा." तिच्या शिलाई मशीनवर दोन सुया मोडल्या, तिसरीनं झालं. चॉकलेटी रंग, कडेला पांढरी शिवण. पांढरी कशाला, विचारलं. म्हणाली, "बाईनं शिवलंय हे कळायला नको?"

मागची सीटसुद्धा शिवली तिनं. तिथं कुणी बसणार नसलं तरी.

२२ डिसेंबर

सुरू झाली!!

पहिल्यांदा सेल्फ मारला, नुसती खाकरली. दुसऱ्यांदा काळा धूर. तिसऱ्यांदा धरलं! रेवणसिद्ध बॉनेटपाशी, मी स्टेअरिंगवर. नुसतं ऐकत होतो. एसटीचं इंजिन बडबडतं. हे गुरगुरतं — हलक्या आवाजात, पोटातून.

झरीननं दिव्याचं बटण दाबलं. दोन्ही दिवे एकदम वर! शेजारच्या लक्ष्मीबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. "अगं बया, डोळं उघडलं की!"

२ जानेवारी २०२५

रंग कुठला, यावर घरात मतदान. आरिफ फोनवरून म्हणाला, मूळचा लाल. मी म्हटलं लाल नको, लई लाल चालवली. निळा ठरला. काळपट निळा, बोरी नदीचं पाणी खोल जागी दिसतं तसला.

१७ जानेवारी

धाराशिवला आरटीओ. ब्रेक, दिवे, धूर, सगळं बघितलं. साहेब गाडीभोवती फिरले, आत बसले, बाहेर आले, परत आत बसले. "काका, ही रोज चालवणार?" म्हटलं, रोज. दुधाला, भाजीला, सुनेच्या शाळेला. शोकेसमध्ये ठेवायला नाही केली.

पास!

२० जानेवारी

आज झरीनला शाळेत सोडलं. बोलल्याप्रमाणं नव्या वर्षात. गेटवर सगळी पोरं. "बाई, फॉरेनची गाडी!" झरीन उतरताना ओढणी दारात अडकली तरी ऐटीतच चालत गेली.

परत येताना एकटा. मागं कुणी नाही, शेजारी कुणी नाही. खिडक्या खाली केल्या. जळकोट ते नळदुर्ग — हा रस्ता मी किती वेळा तुडवला असेल! आज पहिल्यांदाच माझा वाटला.

२८ जानेवारी

गेटला घासली. डावीकडचा मागचा पत्रा. काल-परवाचा रंग! आमचं गेटच अरुंद आहे. गवंडी बोलवून खांब सरकवला पाहिजे.

१० फेब्रुवारी

गाडी आता अंगवळणी पडली. सकाळी पुसतो, झरीनला सोडतो, येताना दूध. दुपारी चारला परत तिला आणायला. हिंमतराव ढाब्यावर दिसले की हात करतात. "माझ्या कोंबड्यांचं घर पळतंय बघा!"

झरीन वाटभर लई बोलते. अब्बा, डावीकडं टमटम. अब्बा, म्हशी. अब्बा, ती बाई बघा कसली पाटी घेऊन चाललीय. मला तिची बडबड आवडते. लेक नव्हती आम्हाला.

२१ फेब्रुवारी

हमिदाला घेऊन तुळजापूरला. तिला कापड घ्यायचं होतं. पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसून लांब आली. लग्नापासून माझ्या एसटीत कितीदा बसली असेल, पण कायम मागं, लेडीज सीटवर. आज म्हणाली, "तुम्ही गाडी चालवताना ओठ हलवता. माहिताय का?" नव्हतं माहीत.

येताना तिनं भजी भरवली. जमाना बघेल म्हटलं. बघू दे म्हणाली.

११ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

झरीन पुण्याला आरिफकडं गेलीय. मी एकटाच हिंमतरावांकडं निघालो होतो. रोज्याचा दिवस, पण डोकं ठिकाणावर होतं, घाई नव्हती. जळकोटच्या फाट्यावर डावीकडून कल्याणप्पा गौळी आला, त्याच्या लुनावर, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. मला तो दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला तेव्हा कळलं!

किटलीला लागलं. त्याला नाही. अल्लाचा शुकर, त्याला नाही. रस्ताभर दूध. कल्याणप्पा आडवी लुना उचलत होता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "वलीभाई, मी तुमच्याकडं बघूनच येत होतो. तुमी बघितलंच न्हाय व्हय?"

एवढ्या वर्षांत एक कुत्रं चिरडलं नाही मी.

१३ मार्च

झरीन आली. हमिदानं तिला फोनवर सांगितलंच होतं. बॅग न ठेवताच माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली.

"अब्बा, मला माहीत होतं."

"काय?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. गेटला घासली तेव्हा शंका आली. मग डावीकडून पाण्याचा गलास पुढं केला, तुम्ही घेतलाच नाही. दोनदा केलं मी तसं."

ती बडबड. टमटम, म्हशी, पाटीवाली बाई. मी खुळा, लेकीची माया म्हणून ऐकत होतो.

"बोलली का नाहीस?"

"सकाळी गाडी पुसताना तुम्ही गुणगुणता. बोलायला आले आणि तशीच मागं फिरले. दोन-तीनदा. वाटलं मी बरोबर असते, मी बघेन."

मी ओरडलो तिच्यावर. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. "रस्त्यावर माणसं असतात झरीन! माझ्या गुणगुणण्यापायी कुणाचं पोर गेलं असतं!"

"हो अब्बा," म्हणाली. "चुकलं माझं."

पण तिचं एकटीचं कुठं चुकलं? गेटचा खांब सरकवायला निघालेला माणूस मी.

१७ मार्च

सोलापूर. एसटीनं गेलो. ड्रायव्हर नवा होता, पूर्ण रस्ता मी त्याचे गिअर ऐकत होतो.

डॉक्टरांनी एका पेटीत तोंड घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ ठिपकाच येईना. मला वाटलं मशीन बंद पडलं. झरीनला बाहेरच्या पडद्यावर दिसत होतं म्हणे, ठिपके सारखे येत होते.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं चोरून नेतो. "गेलं ते परत येत नाही. थेंब नियमानं टाकलेत तर आहे ते राहील." वाचता येईल, चालता येईल. गाडी नाही.

मी विचारलं, गावातल्या गावात? डॉक्टरबाई माझ्या सुनेच्या वयाच्या. म्हणाल्या, "काका, तुम्ही ड्रायव्हर होता. तुम्हीच सांगा."

थेंबांची चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

१८ मार्च

काही नाही.

२२ मार्च

कल्याणप्पाकडं नवी किटली घेऊन गेलो. त्यानं बसवून घेतलं. रोजा होता म्हणून इफ्तारीपुरतं दूध घरी पाठवलं, नव्या किटलीतून.

३१ मार्च

ईद. आरिफ आला. शीरखुर्मा खाता खाता म्हणाला, "अब्बा, गाडीला गिऱ्हाईक आहे, पुण्याचा शौकीन माणूस. ठेवून रोज नुसतं बघत बसाल तुम्ही."

मी हो म्हणणार होतो. तेवढ्यात हमिदा स्वयंपाकघरातून आली, हातात झारा तसाच. "सीट मी शिवलीय," म्हणाली. "विकायची नाही." आणि परत आत.

झरीन हळूच म्हणाली, "लायसन्स आहे माझ्याकडं. सवय नाही. अब्बा शिकवतील का?"

आरिफ हसला. मी नाही हसलो.

६ एप्रिल

मैदानावर पहिला दिवस. एसटीत कितीक नव्या ड्रायव्हरांना तयार केलं मी, एवढा घसा कधी बसला नाही! क्लच सोडते की दणका, गाडी उडी मारून बंद. "बेटा, अंडं आहे पायाखाली असं समज." पुन्हा बंद. "फुटलं अब्बा," म्हणाली.

शेवटी चारही गिअर टाकले. घामानं निथळलेली. पण उतरायला तयार नाही.

१३ एप्रिल

घाई नाही हिला. आरसा बघते, मग रस्ता, परत आरसा. ओव्हरटेक करायचा मोह होत नाही. आरिफला हे कधी जमलं नाही.

आज हायवेला घेतली. ट्रकमागं शांत राहिली. मी पायानं ब्रेक दाबत होतो, माझ्या बाजूला ब्रेक नसतानाही.

१९ एप्रिल

झरीन एकटी शाळेत गेली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा होतो. हमिदा म्हणाली, आत या, ऊन लागेल.

जळकोटहून फोन आला, "पोचले." तेव्हा आत गेलो.

३ मे

सोलापूरला डोळे दाखवून आलो. नजर आहे तेवढी आहे, उतरली नाही. जाताना-येताना झरीननं चालवली. नळदुर्ग जवळ आलं तसं मी "गिअर कमी कर" म्हणायला तोंड उघडलं. तिनं केला होता. मला काही कामच उरलं नाही. मान वळवून बाहेर बघितलं.

किल्ला! केवढा आहे! याच्या बाजूनं हयातभर गेलो आणि तटबंदी कुठपर्यंत जाते ते मला माहीत नव्हतं. नजर कायम रस्त्यावर.

"थांबव बेटा," म्हटलं. तिनं कडेला घेतली. उन्हं उतरेपर्यंत बसून होतो. मग ती म्हणाली, "अब्बा, जायचं ना घरी?"

म्हटलं, जरा थांब. अजून बघून झालं नाही.