शेजारच्या देशांचं शून्य

१६ जानेवारी १९७८, सोम.
आमच्या मोठ्या डॉक्टरांनी भरवलेल्या परिषदेचे तक्ते रंगवायला घेतले. विषय: शेजारच्या देशांतल्या तरुण मुलींचे गर्भपात. भारताचा खांब बोटभर. नेपाळ, पाकिस्तान, लंका शून्य. विचारलं, "एकही मुलगी नाही?" म्हणाले, "तिथे कायद्यानं बंदी. नोंद नाही म्हणजे शून्य. तू ब्रश चालव." हॉस्पिटलचा पेंटर मी. चालवला.

१९ जाने., गुरु.
उमरेडहून ताई आली, कुसुमला घेऊन. भाची माझी, एकोणीस पूर्ण. तिसरा महिना. पोरगा हिंगण्याला कारखान्यात, आता ओळखही देत नाही. ताई रडत नाही, नुसता पदर पिळते. "तुह्या भाऊजीले कळलं तर पोरीले जितं नाही ठेवणार, गा."

२० जाने.
मोठ्या डॉक्टरांकडेच नेलं. त्यांनी शिकाऊ पोरांसमोर तिला विचारलं, "कोणाचं? किती वेळा?" पोरं खाली बघून हसली. मग म्हणे, बापाची सही आणा. अठरा पूर्ण असली की मुलीची स्वतःची सही पुरते. तशी पाटी मीच रंगवली, त्यांच्याच दारावर आहे. तरी "जी, सर" म्हटलं. थू!

२६ जाने.
ताईनं परस्पर सुईणीकडे नेलं. तिनं गर्भ पाडायला काडी घातली. कुसुम तापानं फणफणलेली, रक्त थांबेना. आमच्याकडेच भरती केली. रजिस्टरात आजार: टायफॉइड. सिस्टर म्हणाली, "वरून सांगितलं, भाऊ." वॉर्डात झेंडावंदनाचे लाडू वाटून राहिले होते. शिसारी आली.

३१ जाने.
वाचली. "मामा, पुढं मूल होईन का मले?" होईल म्हटलं. डॉक्टर तसं काही बोललेले नाहीत.

११ फेब्रु., शनि.
परिषद. तक्त्यांपाशी उभा होतो. काठमांडूच्या डॉक्टरीणबाई शून्यासमोर थांबल्या. "ये किसने लिखा? हमारे यहाँ तो इसके लिए लड़कियाँ जेल में हैं। जो मर गईं, वो अलग।" मग मलाच, "आपके यहाँ सब लिखी जाती हैं?"
मोठे डॉक्टर शेजारीच, हसतमुख.
"नहीं," म्हटलं. "मेरी भांजी टायफॉइड में लिखी है।"
बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. मोठे डॉक्टर हसतच राहिले. किळसवाणं हसू.

१३ फेब्रु., सोम.
दहाला बोलावलंय त्यांनी. नोकरी जाईल बहुतेक. गेली तर गेली, असं सकाळपासून घोकतोय. चहा देताना बायको म्हणाली, "चारचौघांत बोलायच्या आधी कुसुमले विचारलं होतं काहो?"
नव्हतं विचारलं.
साडेनऊ. निघतो.