साहेबाला पेणला नेलं

रोहा, १९ नोव्हेंबर १९९६

प्रिय नाओमी,

पंधरा दिवसांमागे एका सकाळी तांदूळ निवडून झाले होते, भांडी पालथी घातली होती आणि तुझ्या बाबांचा पहिल्या शिफ्टचा डबा काढायला हात फळीकडे गेला. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी जातो. मग मी डबा फडक्याने पुसून परत ठेवते. त्या सकाळीही ठेवला आणि साहेबाला शेंगदाणा द्यायला गेले. त्याने घेतला, चोचीत फिरवला आणि टाकून दिला. चोच वाढून गळ्याकडे वळली होती. बाबा गेल्यापासून हा पोपट माझ्याशिवाय कोणाच्या हातचं खात नाही, तुला ठाऊक आहे. आता माझ्या हातचाही मऊ भात तेवढा जात होता. असा किती दिवस जगणार?

पेणच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पक्षीही बघतात असं कळलं. पण गाडीच्या नुसत्या धसक्यानेही पोपट दगावतात, असं मी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. त्यात सांगितलं होतं तसंच केलं. लहान पिंजरा आठवडाभर मोठ्या पिंजऱ्याला लावून उघडा ठेवला. भात त्यातच देत गेले. शेवटी साहेब आपणच आत जाऊन बसू लागला. निघताना झोका आणि पाण्याची वाटी काढून घेतली, हिसक्याने लागू नये म्हणून. बाबांची जुनी लुंगी तिन्ही बाजूंनी गुंडाळली. निडी गावची बायजा, आपल्याला वाल आणून देते ती, सोबतीला आली. म्हणाली, "ज्युडिथबाय, नवरी चाललीय का गो सासरला? येवढा पडदा?" गाडीत मी पिंजरा मांडीवरून खाली ठेवला नाही.

दवाखान्यात म्हशी, कुत्री, सगळा गलका. आम्ही बाहेर वाऱ्याच्या आड, भिंतीशी बसून राहिलो. कुठल्याशा गावात म्हैस अडली होती, तिकडून डॉक्टर दुपार कलल्यावर आले. टॉवेलात धरून त्यांनी चोच कापली, घासली. साहेब ओरडला नाही. डोळे मीच मिटले होते.

शुक्रवार निवडला ही माझी चूक. परतताना नागोठण्यालाच सूर्य टेकायला आला. सूर्य मावळून शब्बाथचा विसावा लागल्यावर मी गाडीत बसत नाही, म्हणून बायजाबरोबर रोह्याआधी निडीलाच उतरले. तुळशीपाशी लावायच्या पणत्यांतल्या दोन तिने मला दिल्या. मी शब्बाथचे दिवे लावले ते बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचा देव येळेचा लय कडक हाय." शनिवारी जेवून मी तिच्या पडवीत आडवी झाले, ती उन्हं उतरेपर्यंत उठले नाही. बाबा गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. जाग आली तेव्हा साहेब बायजाच्या हातून मिरची खात होता. ती त्याला म्हणत होती, "खा रं, तुझी बाय दमलीय." मला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू.

तू दर पत्रात लिहितेस, आई, आता देश सोडून इकडे निघून ये, तुझी खोली तयार आहे. मी दर वेळी साहेबाचं कारण लिहिलं. ते खरंच होतं. बाबांची कबर इथे आहे, हे कधी लिहिलं नाही. पण कबरीला दाणापाणी लागत नाही. फार दमले गं मी एकटी. माझ्या व्हिसाचे कागद पाठव. परवा रविवारी, साहेबासकट पिंजरा बायजाकडे ठेवून मी एकटीच रोह्याला आले.

तुझीच,
आई