आवाज न येणारे पाय

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

फ्लॅमेंको नाचाच्या कार्यशाळेचा आज चौथा दिवस. शाळेत सहा तास घेऊन थेट तिकडेच गेले, पोटऱ्या भरून आल्यात. स्पेनच्या बाईंनी आज माझ्यामुळे गिटार थांबवायला लावली. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "और ज़ोर से! आवाज़ नहीं!" सगळ्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या. पुन्हा पाय आपटला. आवाज नाहीच.

येणार कुठून? यांची कायमची रात्रपाळी, दिवसा झोप. चौदा वर्षं मी घरात चवड्यांवर चालतेय.

उद्यापासून जायचं नाही असं ठरवूनच घरी आले. हे नुकतेच उठले होते, चहा देताना सगळं सांगून टाकलं. म्हणाले, "मग इथंच आपट की. मी जागा आहे आता."

नको नको म्हणत एकदा आपटला. मग थांबवेचना. फरशीवर टाचा झणझणल्या. खालच्या शेखभाभी धावतच वर आल्या. "क्या गिरा?"

"कुछ नहीं गिरा," हे म्हणाले. "ही नाचतेय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाभी मात्र चपला काढून आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या. "फिर से करो ना."

अंगात त्राण नव्हतं. पण केलं.