रिकाम्या खोलीतली खरखर

२ जून
आले एकदाची! नोकरी दादाच्याच कारखान्यात. तो नवी विमानं उडवून बघतो, मी त्यांचं कवच तपासणार. कवच म्हणजे तांब्याची जाळी विणलेलं कापड. बाहेरच्या लहरींनी विमानाची यंत्रं वेडी होऊ नयेत म्हणून. तपासणीची खोली म्हणजे लोखंडी डबा. दार लागलं की मोबाइल मेलाच. दादा म्हणाला, टिंगे, आता माझा जीव तुझ्या हातात. मी म्हटलं, मग रोज चहा पाजायचा.

५ जून
इथली रीत शिकले. साहेब दाराच्या काचेतून डोकावतात, मान हलवतात, म्हणजे खोली रिकामी. मग आतली खरखर, म्हणजे यंत्रांचा स्वतःचा आवाज, नोंदवायची. नंतर कवच लावून, बाहेरून लहरी सोडून मोजायचं आणि त्यातून ती खरखर वजा करायची. उरेल तेवढंच कवचातून झिरपलेलं. आज सहज हेडफोन लावला, तर खरखरीत कोणीतरी धापा टाकत होतं. साहेब म्हणाले, नव्या कानांना होतं असं.

९ जून
आज त्या खरखरीत कोणीतरी टिंगे म्हणालं. या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारतो, आणि तो तेव्हा कँटीनमध्ये चहा ढोसत होता! पळत जाऊन दादाला सांगितलं. म्हणाला, लहानपणी तुला पलंगाखाली भूत दिसायचं, आता डब्यात. प्रगती आहे.

१२ जून
उद्या उड्डाण. शेवटची तपासणी. दादाचाच आवाज, अगदी स्पष्ट. टिंगे, कोणालाच ऐकू जात नाही का गं— साहेबांना ऐकवलं. त्यांना नुसती खरखर. म्हणाले, रिकाम्या खोलीतलं आहे ना? वजा कर.
केलं. उरलं शून्य. कवच पास. खाली सही माझी.

१३ जून
दादा हात हलवून गेला. दुपारी संपर्क तुटला. रडारवर ठिपका दिसतोय म्हणे, पण त्याचा आवाज इकडे नाही, इकडचा तिकडे नाही. देवा, मी काय करून बसले.

संध्याकाळ
ठिपकाही गेला. डब्यात आलेय, हेडफोन लावून. धापा— टिंगे, आहेस ना तू— आहे रे दादा, आहे! ओरडून घसा बसला. त्याला पोचत नाही—

दार लागलं. बाहेरून. काचेत साहेब. सरळ माझ्याकडे बघितलं—

मान हलवली.

साहेब, मी आहे आत, खोली रिकामी नाही, वजा करू न—