डॉक्टरांच्या बाजूचा भाऊ

उमरेड, १२ जानेवारी २०२४

चि. चेतन यास,
ताईचे आशीर्वाद विशेष.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू येते, म्हणून लिहून राहिली. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून दुखण्याची एकही गोळी घेतली नाही. तिथं सुरुवातीले घामानं लुगडं भिजे, हातपाय ओढत, अन् गोळीसाठी मी नर्सच्या पाया पडत होती. आता भूक लागते.

पण सूनबाई, आपली हर्षा, गुंजनले माझ्याजवळ एकटी सोडत नाही. तिचं चुकत नाही. गोळीच्या गुंगीत माझा डोळा लागला अन् नात मांडीवरून उठून शेगडीपाशी गेली. हात बरा झाला, डाग राहिला.

वकीलबाई नंदिनीताईनं ग्राहक आयोगात डॉक्टरांविरुद्ध तक्रार लावली आहे. मणक्याच्या ऑपरेशननंतर तुझ्यासमोरच मी विचारलं होतं, या गोळ्यांची सवय तर लागत नाही ना? बिनधास्त घ्या, असं ते म्हणाले होते. दुखणं थांबलं तरी चिठ्ठी लिहीतच राहिले. एवढंच तू येऊन सांग. धंतोलीत त्यांच्याच दवाखान्याच्या मेडिकलवर तू नोकरीले आहेस, तुझी अडचण मले समजते. जमत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही.

अंजूले जप, तिले आता सातवा लागला. अन् तुझं पोट आवर. दिवाळीच्या फोटोत आधी तेच दिसते.

माया आहे, ती अशीच राहू दे.
तुझी मनकर्णाताई

नागपूर, २० जानेवारी

ती. ताईस,
चेतनचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून अंजू रडली. तू मले आईच्या जागी आहेस. डॉक्टर बोलले ते मी माझ्या कानानं ऐकलं. नोकरीचं पाहून घेईन, मी येतो अन् सांगतो. पोटाबद्दल अंजूची तक्रार तुझ्याहून मोठी आहे. गुंजनले गोड पापा.

तुझ्या मायेतला,
चेतन

उमरेड, ४ मार्च

चि. चेतन यास,
आशीर्वाद.

नंदिनीताईनं आज डॉक्टरांच्या बाजूचं शपथपत्र वाचून दाखवलं. खाली तुझी सही. डॉक्टरांनी सवयीबद्दल बजावलं होतं अन् मीच हट्टानं गोळ्या मागत होती, असं त्यात आहे. मी पुन्हा वाचायले लावलं. वाटलं, दुसरा कोणी चेतन असेल.

काहून केलं गा असं? नाही म्हणाला असता तरी मी तुझ्या घरी जेवायले आली असती.

उलटतपासणीले भावाले बोलवावं लागेल, विचार करा, असं वकीलबाई म्हणाली. मी म्हटलं, बोलवा. मी समोर बसते.

मनकर्णाताई

नागपूर, ९ मार्च

ती. ताईस सा. न.

डॉक्टरांनी कागद तयारच ठेवला होता. सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नको म्हणाले. अंजूचं बाळंतपण तोंडावर आहे. मी काय करणार होतो? मले तिथं उभं करू नको, हात जोडतो.

चेतन

उमरेड, २१ नोव्हेंबर

चेतन,

निकाल माझ्या बाजूनं लागला. घरात पेढे आले. हर्षानं गुंजनले माझ्यापाशी ठेवून बाजार केला.

उलटतपासणीत तू शेवटी खरं बोलला, हे मी नाकारत नाही. मेडिकलवर तुम्हाला काय सांगितलं होतं, असं नंदिनीताईनं विचारलं तेव्हा तू खाली पाहून म्हणाला, "सवय लागते हे आम्हाला माहीत होतं. पेशंटला सांगायचं नाही, असा हुकूम होता."

तोवर मले वाटत होतं, तू नोकरीपायी घाबरून खोटी सही केली. तेवढं मी पोटात घातलं असतं. पण तुले पहिल्यापासून माहीत होतं. मेडिकलवर गोळ्यांचं पाकीट माझ्या पिशवीत टाकताना तू हसून म्हणायचा, ताई, वेळेवर घेत जा.

अंजूच्या बाळाले पाहायले येईन. तुझ्याशी बोलणं होईल असं वाटत नाही. डॉक्टर परका होता, चेतन. गोळ्या मी तुझ्या हातून घेतल्या.

मनकर्णा