दाराबाहेरचं बाक

ता. ४ जून
ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझ्या धर्ममंडळाची बैठक परवावर आली म्हणून घाईने लिहिते. डॉक्टर डायलिसिसच्या वेळी दर खेपेला विचारतात, मृताचं मूत्रपिंड मिळावं म्हणून यांचं नाव कधी नोंदवायचं? हे हसून सांगतात, मृताचा अवयव घ्यायला मंडळाने ‘चालेल’ म्हटलं की लगेच. यांचा हट्ट तू जाणतोसच. अजून दुकानात बसतात, डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडतात. पण बोटं सुजलीत, स्क्रू धरवत नाही. म्हणतात, तुझा भाऊ सात पंडितांत सगळ्यांत मोठ्यांदा बोलतो, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. ग्रंथ चाळून सगळे आधार तूच जमवलेस. नीट बोल.

लोभ आहेच, या खेपेला तो कामी येऊ दे.
तुझी चिमणी

ता. ८ जून
चि. चिमणीस, अनेक आशीर्वाद.

कसं लिहावं कळत नाही. आमच्याकडे बैठकीआधी अध्यक्ष प्रत्येकाला विचारतात, या प्रश्नात तुमचं कोणी आहे का? असेल त्याने बाहेर जाऊन बसायचं. मी मेहुणे आहेत म्हणालो. दुसरं काय म्हणणार? दुपारभर दाराबाहेरच्या बाकावर होतो. माझी टिपणं आत वाचली, पण शंकांना उत्तर द्यायला कोणी नव्हतं. तीन इकडे, तीन तिकडे. प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला. मेहुण्यांना सांग, थांबू नका, नाव घाला. पाप लागलं तर माझ्या माथी.

माया पातळ करू नकोस.
दादा

ता. २० जून
ती. दादास, सा. न.

तुझा निरोप सांगितला. हे म्हणाले, तो खरं बोलून उठला आणि मी चोरवाटेने जाऊ? मला तुम्हा दोघांच्या खरेपणाचा वीट आलाय. एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं?

लोभ असावा. राग आहे, तोही असू दे.
चिमणी

ता. १९ ऑगस्ट
ती. दादास,

तू येऊन गेलास, पण माणसांच्या गर्दीत बोलता आलं नाही. हे गेले तेव्हा नर्सने डोळ्यांचं विचारलं. यांनीच आधी सांगून ठेवलं होतं, घ्यायचं तर विचारावं लागतं, द्यायला कशाला कोणाला विचारायचं? मी सही केली. भिंग तसंच दुकानाच्या टेबलावर आहे, मला उचलवत नाही.

आता बैठकीत विचारतील तेव्हा खुशाल कोणी नाही म्हण आणि आत बस.
चिमणी

ता. ५ सप्टेंबर
चि. चिमणीस, आशीर्वाद.

काल अध्यक्षांनी विचारलं. नाही म्हणायला तोंड उघडलं. म्हणालो, आहेत. माझ्या मेहुण्यांच्या डोळ्यांनी कोणी दोघं बघतायत. मी त्यांना ओळखत नाही, पण ती माझीच. अध्यक्ष जा म्हणाले नाहीत, मीही उठलो नाही. शंका आल्या तशी उत्तरं देत गेलो. संध्याकाळी ठरलं, चालेल.

तो शब्द घेऊन बाहेर आलो आणि सवयीने मनात आलं, मेहुण्यांना आधी कळवू. मग बराच वेळ त्याच बाकावर बसून राहिलो.

भिंग तसंच राहू दे. रविवारी येतो, आपण दोघं मिळून उचलू.

राग ओसरला नसला तरी दार उघड.
दादा