पाठीवरचा खिसा

माय, डॉक्टरांनी काही दिवस कमी बोलायला सांगितलंय, म्हणून लिहितेय. गेल्या आठवड्यात माझ्या जिभेचं ऑपरेशन झालं. घाबरू नको, बरी आहे. झोपेत जीभ मागे पडायची आणि श्वासाची वाट अडायची, बाबांचं व्हायचं तसंच. तोंडावर मास्क लावायचं मशीन वर्षभर वापरलं, सोसलं नाही. शेवटी जिभेच्या मुळाशी वाढलेला भाग थोडा काढला. सही करण्याआधी कागद दोनदा वाचला. मराठी शाळेत मुलांना वाचून दाखवणं हेच माझं काम. उच्चारच गेले तर मी काय करणार होते? "बेन, चिंता नी करो, बोलणं परत येईल," डॉक्टर त्यांच्या गुजराती-मराठीत म्हणाले. शब्द अजून जाड पडतात, पण रोज थोडे मोकळे होताहेत.

तपासणीच्या वेळी त्यांनी सांगितलं होतं, ऑपरेशन होईतोवर कुशीवर झोपा; काही लोक सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवून घेतात. मला हसू आलं. त्यांना कसं सांगू, आमच्या उधन्याच्या चाळीतल्या खोलीत हे माझ्या मायनं कुणालाही न विचारता केलं होतं. बाबा कापड विणायच्या लूमच्या खात्यातून रातपाळी करून येतात, भाकरी खाऊन आडवे होतात. भर दुपारी तू साडीवर टिकल्या चिकटवत बसलेली, एक पाऊल त्यांच्या पाठीला टेकवलेलं. घोरणं चालू, तोवर तुझा हात चालू. घोरणं थांबलं की हातही थांबतो. तू वाट पाहतेस, मग टाचेनं ढोसतेस. ते पुन्हा कुशीवर वळतात, आणि तू पुढची टिकली उचलतेस.

पाण्याला जायचं असलं की काय करणार, म्हणून तू त्यांच्या बंडीला पाठीवर खिसा शिवलास आणि त्यात सूत संपलेली लाकडी कांडी घातलीस. उताणे झाले की ती टोचायची. चाळीतल्या पोरी म्हणाल्या, "तुझ्या बापाला कुबड आलं." मीही त्यांच्याबरोबर हसले. तू ऐकलंस, पण मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "हासू नको वं. माणूस झोपला की त्याचा श्वास आपल्या हवाली असतो."

तुझ्यानंतर बाबा नऊ वर्षं जगले. नवी बंडी आणली की शिंप्याकडून तसाच खिसा लावून घ्यायचे. "काका, पाठीवरच्या खिशात हात कुणाचा जाणार?" शिंपी चिडवायचा. "कुणाचा नाही. तिची पद्धत आहे," बाबा म्हणायचे.

दवाखान्यातून आले त्या दुपारी माझे यजमान पेपर घेऊन शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांचं पाऊल माझ्या पाठीला टेकलं. तुझी गोष्ट मी त्यांना लग्नानंतर एकदाच सांगितली होती. मी निवांत झोपले.

हे पत्र तुझ्या टिकल्यांच्या डब्यात ठेवतेय, दुसरं कुठे टाकणार? एक मात्र राहिलंय. पहिली कांडी हरवली तेव्हा तू बाबांवर चिडली होतीस, "एवढं लाकूड सांभाळता येत नाही?" ते वाकून खाटेखाली शोधत राहिले. ती हरवली नव्हती, माय. पोरी हसल्या म्हणून मी ती खाडीत टाकली होती. बाबांनी मला टाकताना पाहिलं होतं.